एक्सई साइन करताना मी खाल्लेली माती

कॉलेज संपल्यावर इंदूरलाच विजय नगरात एका छोट्या कंपनीत लागलो, बिलिंगचं सॉफ्टवेअर, गिऱ्हाईकं बरीचशी सियागंजची दुकानदार मंडळी. पहिल्याच महिन्यात सांगितलं, बिल्ड (म्हणजे गिऱ्हाईकाला द्यायची तयार एक्सई, चालवायची प्रोग्राम फाईल) साइन करून दे, म्हणजे त्यावर डिजिटल सही कर. मला वाटलं सही म्हणजे सोबत एखादी वेगळी फाईल द्यायची असेल.

तसं नसतं. विंडोजमधे याला ऑथेंटिकोड म्हणतात, सही एक्सईतच बसते, साधारण शेवटी, आणि ती कुठे सुरू होते, केवढी आहे हे हेडरमधल्या (फाईलच्या सुरुवातीच्या माहितीतल्या) सिक्युरिटी डिरेक्टरीत लिहिलेलं असतं. आता सही घातली की फाईल बदलली, मग हॅश (फाईलमधल्या बाइट्सवरून काढलेला ठसा, ज्यावर सही होते) जुळणार कसा? यावर मी दोन दिवस डोकं खाजवलं. तर हॅश काढताना हेडरमधला चेकसम (फाईलची बेरीज पडताळायचा आकडा), ती डिरेक्टरीतली नोंद आणि खुद्द सही एवढं सोडून देतात. बाकी कोडातला एक बाइट जरी हलला तरी सही गेली.

आणि माझी तशीच गेली. मी साइन केलं, तपासलं, खुश होऊन पोहे खायला गेलो, पण आमची रिलीजची स्क्रिप्ट त्यानंतर आयकॉन आणि व्हर्जन नंबर घालायची हे मला कुठे माहीत! सीनियर दादा एवढंच म्हणाला, "अरे भिया, सही सगळ्यात शेवटी." म्हणजे आधी आतली एक्सई आणि डीएलएल (एक्सईला लागणाऱ्या कोडाच्या फाईली) साइन, मग सेटअप बनवायचा, मग सेटअप साइन.

दुसरी चूक महागात पडली. सहीला टाइमस्टँप, म्हणजे ती कधी केली याचा बाहेरच्या सर्व्हरने दिलेला शिक्का, लावला नव्हता. सही ज्याच्या जोरावर करतात त्या सर्टिफिकेटची (कंपनीच्या डिजिटल ओळखपत्राची) मुदत संपली आणि काल चालणारा सेटअप आज "अननोन पब्लिशर" दाखवायला लागला, दिवसभर फोन घेत बसलो. टाइमस्टँप असला की सही मुदतीत असताना केली होती हे सिद्ध होतं आणि जुना सेटअप पुढेही चालतो. साइनटूलला, म्हणजे सही करायच्या मायक्रोसॉफ्टच्या टूलला, स्लॅश टीआर देऊन टाइमस्टँप सर्व्हरचा पत्ता द्यायचा, एवढंसं काम होतं.

तपासताना साइनटूलच्या व्हेरिफाय कमांडला स्लॅश पीए द्या, नाहीतर ते ड्रायव्हरच्या नियमाने तपासतं आणि चांगल्या सहीलाही नापास करतं.

जून 2023 पासून विकत घेतलेल्या सर्टिफिकेटची प्रायव्हेट की (सही करायची गुप्त किल्ली) हार्डवेअरमधेच ठेवावी लागते, म्हणजे बहुतेक ठिकाणी यूएसबी टोकन. ते ऑफिसच्या मशीनला लावून घरून रिमोट डेस्कटॉपने साइन करायला गेलो तर टोकन दिसेचना! आणि पिन सारखा चुकवला तर टोकन लॉक होतं, हेही अनुभवाने सांगतोय.

एक गैरसमज मात्र काढून टाका, सही म्हणजे व्हायरस नाही याची गॅरंटी नव्हे, फक्त कोणी केलंय आणि मधे कोणी हात लावला नाही एवढंच. स्मार्टस्क्रीन (विंडोजचं अनोळखी फाईली अडवणारं फिल्टर) नव्या सर्टिफिकेटला सही असूनही अडवू शकतं.

शिकायला पैसे लागत नाहीत. पॉवरशेलने (विंडोजमधल्या कमांड चालवायच्या टूलने) स्वतःचं सेल्फ साइन्ड, म्हणजे आपणच सही केलेलं, सर्टिफिकेट बनवा, एखादी एक्सई साइन करा, मग हेक्स एडिटरमधे (फाईलचे बाइट थेट दाखवणाऱ्या एडिटरमधे) कोडातला एकच बाइट बदला आणि प्रॉपर्टीजमधे सही काय म्हणते ते बघा.