नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा कस एक्सआरएफने कसा तपासावा

नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे १९०६ साली पश्चिम क्षत्रप राजा नहपान याच्या चांदीच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला. त्यांपैकी बहुसंख्य नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे पुन्हा ठोकलेली होती. अशा नाण्याला ओरखडाही न पाडता त्याचा कस पाहायचा, तर क्ष-किरण प्रस्फुरण म्हणजेच एक्सआरएफ हे तंत्र सोयीचे पडते. मात्र उपकरण सांगते तो कस वरच्या थराचा असतो, हे धरूनच मोजणीची आखणी करावी.

चांदीत हीण म्हणून बहुधा तांबे असते आणि नाणे शतकानुशतके जमिनीत राहिले की पृष्ठभागातील तांबे आधी निघून जाते, त्यामुळे वरचा थर आतल्या धातूपेक्षा चोख दिसतो. चिंच-लिंबू किंवा आम्ल लावून नाणे उजळल्यास हीच विकृती वाढते, म्हणून तो मोह टाळावा. चेहऱ्याचा उठाव सोडून सपाट जागा निवडावी आणि दोन्ही बाजूंना तीन-चार ठिकाणी मोजावे.

क्ष-किरण पडले की नाण्यातील प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठराविक ऊर्जेचे क्ष-किरण बाहेर टाकते; उपकरणाच्या वर्णपटात ते रेषांच्या रूपात दिसतात. त्यांत चांदीच्या दोन रेषा पाहाव्यात. २२.१६ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टची के-अल्फा रेषा कित्येक दशक मायक्रॉन खोलीवरूनही बाहेर येते, तर २.९८ ची एल-अल्फा केवळ वरच्या काही मायक्रॉनांतून येते. कस ठाऊक असलेल्या प्रमाण नमुन्याच्या तुलनेत एल-अल्फा अवाजवी प्रबळ दिसली, तर वर चांदी साचल्याचा संशय घ्यावा. हवेतील आरगॉनची रेषा २.९६ वर, म्हणजे जवळजवळ तिच्या अंगावरच येते. सोय असल्यास हेलियमचा झोत सोडून ही हवा दूर सारावी. क्ष-किरण नळीचे लक्ष्य, म्हणजे इलेक्ट्रॉन आदळून जिथून क्ष-किरण निघतात तो धातू, चांदीचेच असेल, तर नळीच्या रेषाही वर्णपटात मिसळतात, हे मोजणीआधीच विचारून घ्यावे.

पडताळ्यासाठी विशिष्ट गुरुत्व काढावे, कारण ते संपूर्ण नाण्याचे असते: चांदीचे १०.४९, तांब्याचे ८.९६. हे नाणे जेमतेम दोन ग्रॅमचे असल्याने पाण्यातील वजनात एका मिलिग्रॅमची चूक झाली तरी कस सुमारे तीन टक्क्यांनी हलतो. सराफाचा साधा काटा येथे पुरत नाही. पोकळी किंवा घट्ट बसलेला गंज असल्यास हा पडताळाही फसतो.

निष्कर्ष लिहिताना पुन्हा ठोकलेल्या नाण्याचा कस गौतमीपुत्राच्या नावावर मांडू नये. ठसा त्याचा असला तरी चकती नहपानाच्या टांकसाळीतली आहे. सातवाहनांच्या चांदीचा कस हवा असेल, तर वासिष्ठीपुत्र पुळुमावीची राजमुखाची नाणी तपासायला घ्यावीत.