निंबोळी अर्क लागू पडत नाही? या चुका टाळा

संध्याकाळी अर्क मारला आणि सकाळी टोमॅटोत जाऊन बघितलं, तर अळी पानावर तशीच. ‘कडुलिंबात काही दम नाही’ म्हणत लगेच जहाल औषध मारणारे शेतकरी मी खूप पाहिलेत, आणि दर वेळी जीव हळहळतो. ती अळी दोन दिवस नीट बघा. जिवंत असते, पण पान खायचं तिने सोडलेलं असतं. निंबोळीतलं अझाडिरॅक्टिन तिची भूक मारतं, तिला कात टाकू देत नाही. लहान अळी अशीच संपते. फळात शिरलेल्या मोठ्या अळीवर मात्र याचा इलाज नाही. म्हणून अंडी आणि बारीक अळ्या दिसतानाच पंप पाठीवर घ्यायचा.

बऱ्याचदा बिघाड बियांतच असतो. निंबोळ्या गर काढून सावलीत वाळवायच्या. बुरशी आलेल्या घ्यायच्या नाहीत. ५ टक्के अर्कासाठी ५ किलो भरडा साधारण १० लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यातून गाळा, २०० ग्रॅम साबणाचा चुरा वेगळ्या लिटरभर पाण्यात विरघळवून त्यात मिसळा आणि एकूण १०० लिटर करा. साबण नसेल तर थेंब पानावरून ओघळून जातात. अर्क उरवून ठेवू नका, आणि दुपारच्या उन्हात तर मारूच नका. उन्हाने त्याचा गुण जातो.

फळ पोखरणारी अळी टोमॅटो सोडून झेंडूच्या फुलांवर यावी म्हणून टोमॅटोत झेंडू लावतात, पण हे झेंडूचं गणित तर बहुतेकांचं चुकतं. झेंडू आणि टोमॅटो एकाच वयाची रोपं लावली की टोमॅटो फुलावर येतो तेव्हा झेंडूला फूल नसतं, मग ती अळी टोमॅटोवरच येते. टोमॅटोचं रोप २५ दिवसांचं, तर झेंडूचं ४० ते ४५ दिवसांचं हवं. टोमॅटोच्या १६ ओळींमागे झेंडूची एक ओळ. आणि फुलं छान दिसतात म्हणून पोखरलेल्या कळ्या तशाच ठेवू नका. त्या तोडून नष्ट करा, नाहीतर आपणच अळी पोसतो.

शेत देखणं दिसावं ही हौस मलाही आहे. पण पानाला एक भोक दिसलं की फवारा, हे थांबवायला हवं. त्यात मित्रकीटक आधी मरतात. ढालकिड्याची (लेडीबर्ड बीटलची) अळी तर काळी, काटेरी, नारिंगी ठिपक्यांची. किडीसारखी दिसते म्हणून लोक चिरडतात. एकदा ती मावा (रस शोषणारी बारीक कीड) पडलेल्या शेंड्यावर सोडून बघा, डोळ्यांदेखत एकेक मावा फस्त करते.