पुणे ते न्यू जर्सी: आई-बाबांना विमानात बसवण्याआधी

तिकीट हातात आलं की आधी तारीख नीट बघा. मुंबईहून अमेरिकेची बरीच विमानं मध्यरात्र उलटल्यावर सुटतात. समजा 14 जानेवारी, रात्री 1:45 असं छापलंय, तर संक्रांतीचं तिकीट असलं तरी पुण्यातलं घर भोगीच्या संध्याकाळी सातलाच सोडायचं. घाटातल्या ट्रॅफिकचा भरवसा नाही आणि विमानतळावर तीन तास आधी पोहोचायचंय.

न्यू यॉर्कला उतरण्याची वेळ त्याच दिवशी सकाळी 7:30 दिसेल. बाबा लगेच म्हणतील, पावणेसहा तासांत अमेरिका? दोन्ही वेळा आपापल्या गावच्या असतात. हिवाळ्यात न्यू यॉर्क आपल्या साडेदहा तास मागे, म्हणजे विमानातच सव्वासोळा तास. इमिग्रेशन, सामान आणि पुढे न्यू जर्सीतल्या एडिसनपर्यंत गाडी धरली, तर घर ते घर साडेसव्वीस तास. औषधं, खाणं, झोप यांचा हिशोब याच आकड्यावर करा.

अंतर सरळ रेषेत सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. पृथ्वी गोल असल्यामुळे ही जवळची वाट पश्चिमेला न जाता उत्तर-वायव्येला चढते. प्रत्यक्षात वारा आणि बंद आकाश यांवर मार्ग बदलतो. एप्रिल 2025मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आकाश बंद केल्यावर दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना इंधनासाठी मध्येच उतरावं लागलं. त्यामुळे औषधं हातातल्या बॅगेत आणि दोन-तीन दिवसांची जास्तच. गोळ्या मूळ पाकिटात, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. इन्सुलिन चेक-इन सामानात अजिबात टाकू नका. डोसच्या वेळा डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या आणि उतरेपर्यंत आईच्या मनगटावरचं घड्याळ भारताच्याच वेळेवर राहू द्या.

जागा कडेची घ्या, म्हणजे शेजाऱ्याला न उठवता दर दोन तासांनी चालता येतं. व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागा. लाजायचं काही कारण नाही, इमिग्रेशनची रांग तासभर उभं करते. वाटेत खायला दशम्या आणि कोरडी चटणी. तिळगूळ न्या, पण विचारलं की सांगा. ताजी फळं मात्र नाहीत, हापूसची एक फोडसुद्धा नाही. एडिसनचा पत्ता आणि फोन नंबर कागदावर हवा, मोबाइल ऐन वेळी मान टाकतो.

थेट विमान महाग पडत असेल तर अबू धाबीमार्गे बघा. अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच उरकतं, म्हणून दोन विमानांच्या मध्ये निदान तीन तास ठेवा.

परतीला वारा पाठीशी असतो, साधारण तास-दीड तास वाचतो. फक्त मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर पुढे जातात आणि फरक साडेनऊ तासांचा होतो. परतीचं तिकीट त्यानंतरचं असेल, तर मुंबईत घ्यायला येणाऱ्याला नवा हिशोब कळवून ठेवा.