जुन्या मोटारीचे सुटे भाग : जवळच्या विक्रेत्याकडून घ्यावेत की परदेशातून मागवावेत?

जुन्या गाडीचा एखादा भाग निकामी झाला, की तो जवळपास शोधावा की परदेशातून मागवावा, असा प्रश्न उभा राहतो. हा प्रश्न संपूर्ण गाडीसाठी एकदाच सोडवता येत नाही. प्रत्येक भागासाठी तो नव्याने सोडवावा लागतो, आणि त्याचे उत्तर किमतीपेक्षा अधिक एका गोष्टीवर अवलंबून असते, ती म्हणजे आलेला भाग बसला नाही तर तो बदलून मिळणे किती सोपे आहे.

म्हणून पहिली पायरी खरेदीची नसून ओळखीची आहे. केवळ मॉडेलचे नाव आणि साल सांगून जुन्या गाडीचा भाग मागवू नये. चॅसी नंबर आणि इंजिन नंबर लिहून घ्यावेत व कंपनीच्या जुन्या पार्ट्स कॅटलॉगमध्ये त्या नंबरांपुढे कोणता पार्ट नंबर दिला आहे ते पाहावे, कारण एकाच मॉडेलमध्ये मधल्या काळात मोठे बदल झालेले असतात. एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार १९६२ ते १९८० या काळात तयार झाली. १९६४ पर्यंत तिच्या इंजिनाच्या क्रँकशाफ्टला (पिस्टनांमुळे फिरणाऱ्या मुख्य दांड्याला) आधार देणारे तीन मेन बेअरिंग होते, त्यानंतर पाच झाले, आणि १९६७ च्या अखेरीस बॅटरी चार्ज करणाऱ्या डायनामोच्या जागी अल्टरनेटर आला, तसेच बॅटरीचे अर्थिंग, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला जोडलेले टोक, पॉझिटिव्हचे निगेटिव्ह झाले. अशा गाडीसाठी नुसते ‘एमजीबीचे बेअरिंग’ मागवले, तर चुकीचा संच येण्याची शक्यता बरीच असते. शिवाय गाडीच्या आधीच्या मालकांनी इंजिन, गिअरबॉक्स किंवा मागचा अ‍ॅक्सल बदललेला असू शकतो. त्यामुळे जुना भाग प्रत्यक्ष उतरवून त्यावरचा नंबर वाचावा आणि व्हर्नियर कॅलिपरने मापे घ्यावीत.

नट-बोल्टांच्या आट्यांकडे विशेष लक्ष द्यावे. जुन्या ब्रिटिश गाड्यांत व्हिटवर्थ पद्धतीचे आटे आढळतात. त्यांचा कोन ५५ अंशांचा असतो, तर नंतरच्या युनिफाइड पद्धतीत तो ६० अंशांचा आहे. पाऊण इंचाहून लहान बोल्टांच्या काही मापांत दोन्हींचे इंचामागचे आटे सारखेच असल्यामुळे बोल्ट सहज चढतो आणि बरोबर असल्याचा भास होतो. पण तो नीट धरत नाही, आणि ब्रेक किंवा स्टिअरिंगच्या बाबतीत ही चूक जिवावर बेतू शकते.

ओळख पक्की झाली की भागांची विभागणी करावी. जो भाग हातात घेऊन जुन्याशी ताडून पाहणे आवश्यक आहे, तो जवळून घ्यावा. होज, बुश, ऑइल सील, बेअरिंग, पट्टे, ब्रेक लायनिंग हे या वर्गात येतात. अनुभवी विक्रेत्याकडे तुटलेला भाग घेऊन गेल्यास तो अनेकदा माप पाहूनच दुसऱ्या एखाद्या वाहनाचे तेच बेअरिंग किंवा सील काढून देतो, कारण बेअरिंग व सील हे बहुधा प्रमाणित मापांत बनतात. हे ज्ञान कोणत्याही कॅटलॉगमध्ये मिळत नाही आणि जवळच्या विक्रेत्याची खरी किंमत तिथेच आहे. याउलट कार्बोरेटरचे जेट, बोधचिन्हे, दिव्यांच्या काचा, ट्रिमच्या पट्ट्या, इंजिनाचे गॅस्केट संच हे भाग पार्ट नंबराने नेमके ओळखता येतात आणि वजनाला हलके असतात. ते परदेशातून मागवण्यास हरकत नसते. गाडी ज्या देशात बनली तेथे असे भाग पुन्हा तयार करणाऱ्या संस्थाही असतात. एमजीबीच्या बॉडीचा संपूर्ण सांगाडा १९८८ पासून मूळ साच्यांवर पुन्हा बनवला जाऊ लागला, हे याचे ठळक उदाहरण.

भाग कोणत्या प्रकारचा आहे, हे विक्रेत्याला लेखी विचारावे : कंपनीचा जुना शिल्लक साठा, नवी प्रतिकृती, दुरुस्त केलेला की वापरलेला. जुना शिल्लक साठा ऐकायला आकर्षक वाटतो आणि धातूच्या भागांसाठी तो उत्तमच असतो. रबराच्या बाबतीत मात्र तो टाळावा. चाळीस वर्षे डब्यात पडून राहिलेले रबर न वापरताही कडक होते व त्याला भेगा पडतात. इंधनाच्या नळ्या घेताना त्या इथेनॉलमिश्रित पेट्रोल सहन करतात का, हे विचारावे, कारण जुन्या पद्धतीचे रबर त्यात खराब होते.

आता खर्च. परदेशी विक्रेत्याने सांगितलेली किंमत ही सुरुवात असते. तीत वाहतूक, विमा, आयात शुल्क, स्थानिक कर आणि कुरिअर कंपनीचे हाताळणी शुल्क मिळवावे. अनेक देशांत शुल्काची आकारणी वाहतूक व विमा धरून येणाऱ्या एकूण मूल्यावर होते. मोठ्या पण हलक्या भागांना आकारमानाचे वजन लागू होते. अनेक कुरिअर कंपन्या सेंटीमीटरमधील लांबी, रुंदी आणि उंची यांच्या गुणाकाराला ५००० ने भागून किलोग्रॅम काढतात. म्हणजे १२० × ८० × ३० सेंटीमीटरच्या खोक्यातला मडगार्ड प्रत्यक्षात सात किलोचा असला, तरी भाडे सुमारे ५८ किलोंचे पडते. दुरुस्त केलेला भाग अनामत घेऊन, तुमचा जुना भाग परत पाठवण्याच्या अटीवर दिला असेल, तर परतीचे भाडेही धरावे. ते अनेकदा जुन्या भागाच्या अनामतीपेक्षा जास्त होते. शुल्क वाचवण्यासाठी पावतीवर कमी किंमत लिहून घेऊ नये. ते बेकायदेशीर आहेच, शिवाय पार्सल हरवल्यास विमाही तेवढ्याच रकमेचा मिळतो.

काही वस्तू सीमेवरच अडतात. जुन्या ब्रेक लायनिंग, क्लच प्लेट आणि गॅस्केटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते व अनेक देशांत त्याच्या आयातीवर बंदी आहे. ऑस्ट्रेलियात ती २००३ च्या अखेरीपासून लागू आहे. म्हणून विक्रेत्याकडून अ‍ॅस्बेस्टॉस नसल्याचे लेखी घ्यावे. गॅसने भरलेले शॉक अब्सॉर्बर, बॅटऱ्या आणि रंग यांच्या हवाई वाहतुकीवरही निर्बंध असतात.

पैसे देण्यापूर्वी त्याच भागाची, नंबर दिसेल अशी छायाचित्रे मागवावीत, आणि स्टिअरिंग डावीकडे असलेल्या गाडीचा भाग आहे की उजवीकडे, हे स्पष्ट करून घ्यावे; स्टिअरिंग रॅक, वायपरची यंत्रणा आणि हेडलाइट यांत इथेच फसगत होते. तक्रार करून रक्कम परत मिळवता येईल अशाच मार्गाने पैसे द्यावेत.

पार्सल आल्याच दिवशी उघडावे आणि उघडताना छायाचित्रे काढावीत. भाग बसवण्यापूर्वी तो जुन्याशेजारी ठेवून मापे, छिद्रे व आटे ताडून पाहावेत, कारण एकदा बसवलेला भाग बहुतेक विक्रेते परत घेत नाहीत. जुना भाग मात्र नवा भाग काही शे किलोमीटर नीट चालेपर्यंत टाकून देऊ नये.