ग्रो लाइट टांगून मोकळे होऊ नका: या चुका टाळा

पावसानं एकदा झड धरली की माझ्या फोनवर रोपांचे फोटो यायला लागतात. आमच्या शहापुरातल्या एकाला एक लागून असलेल्या घरांत जुलैमध्ये दुपारी बारालाही ट्यूब लावावी लागते, त्यामुळं हल्ली बरेच जण कुंड्यांवर ग्रो लाइट, म्हणजे रोपांना उन्हाऐवजी उजेड देणारे दिवे, टांगतात. टांगा की. पण टांगून झालं म्हणजे काम झालं असं समजतात, आणि घोळ तिथंच सुरू होतो.

पहिली चूक, आणि दहातले आठ फोटो हिचेच: दिवा फार वर. छताला हूक आहे म्हणून दिवा छताला. गेल्या वर्षी आमच्या गल्लीतल्या एका पोरानं माळ्यावर संकेश्वरी मिरचीचं बी टाकलं. वळवाच्या गारांनी आदल्या वर्षी ट्रे झोडपला होता, म्हणून आत. बेत चांगला होता. 100 वॅटचं एलईडी पॅनल मात्र ट्रेपासून 4 फुटांवर. उगवल्यावर काही दिवसांतच रोपं लांबुळकी, देठ शिवायच्या दोऱ्यासारखे, पंखा लावला की सगळी एका अंगाला आडवी. त्याला वाटलं, खत कमी पडतंय. मी फोनवरच्या लक्समीटरनं, म्हणजे उजेड मोजायच्या ॲपनं, मोजलं तर तीन हजार लक्सही भरेना. मिरचीच्या रोपाला मी दहा ते पंधरा हजार धरतो.

‘‘दिवा खाली घे, पण बेतानं,’’ असं सांगून मी निघालो. पहिला अर्धाच त्यानं ऐकला. चौथ्या दिवशी दारात हजर.

‘‘काका, वरची पानं पांढरी पडली की हो.’’

‘‘किती खाली घेतलास?’’

‘‘जास्त नाही केलो. आठ इंच ठेवलो.’’

4 फुटांवरून 8 इंच म्हणजे अंतर सहापट कमी. अंतर निम्मं झालं की उजेड चौपट होतो, या हिशेबानं कागदावर छत्तीसपट. पॅनल रुंद असतं, त्यामुळं जवळ आल्यावर हा हिशेब तंतोतंत लागत नाही, पण निम्मा धरला तरी त्या कोवळ्या पानांवर काय कोसळलं असेल बघा. वर यानं दिवा 18 तास चालू ठेवलेला. का, तर ‘लवकर वाढतील’. दोन महिन्यांच्या मिरचीला दोन आठवड्यांत आणायची ही घाई मला कधी कळलेली नाही.

पांढरं झालेलं पान परत हिरवं होत नाही. ते खुडायचीही गरज नाही; नवं पान कसं येतंय तेवढं बघायचं. आम्ही पॅनल 2 फुटांवर नेलं, वेळ 14 तास केली. ट्रेमधली अर्धीअधिक रोपं वाचली. टोमॅटो असता तर लांब झालेला देठ पानांपर्यंत मातीत गाडता आला असता, त्याला देठावरच मुळं फुटतात. मिरची तेवढी दिलदार नाही.

तिथं रोपं वाचवायची होती म्हणून दोन्ही एकदम बदललं; एरवीची माझी स्वतःची सवय सांगतो. दिव्याशेजारच्या भिंतीवर पेन्सिलनं दर दोन इंचांना रेघ ओढलेली आहे. दिवा साखळीवर, आकड्यानं अडकवलेला. तीन दिवसांतून एकदाच हात लावायचा, एकाच कडीनं. त्या तीन दिवसांत डिमरला हात नाही, वेळ बदलायची नाही, खतही नाही. एकदम तीन गोष्टी बदलल्या तर बिघडलं कशानं आणि सुधारलं कशानं, दोन्ही कळत नाही. अंतर कुंडीच्या काठापासून नाही, शेंड्यापासून मोजा. रोप वाढतं, दिवा वाढत नाही.

हाताची पारख एलईडीला पुरत नाही. ‘शेंड्याजवळ हात धरला, गरम लागत नाही, म्हणजे ठीक आहे’ हे जुन्या तापणाऱ्या दिव्यांचं शास्त्र. हाताला ऊब कळते, उजेड नाही. एलईडीखाली पान थंडच्या थंड राहून पांढरं पडतं.

फोनचं लक्समीटर अंदाजाला चालतं, पण पांढऱ्याच दिव्याखाली. तिथं लक्सला साधारण 70 नं भागलं की झाडाच्या कामाचा आकडा, म्हणजे पीपीएफडी (पानावर दर सेकंदाला पडणाऱ्या, झाडाला वापरता येणाऱ्या उजेडाचं माप), निघतो. चौदा हजार लक्स म्हणजे सुमारे 200. जांभळ्या दिव्याखाली लक्समीटर खोटं बोलतं, कारण लक्स माणसाच्या डोळ्यासाठी आहे. जांभळा तसाही मला आवडत नाही. त्या उजेडात मावा दिसत नाही, पिवळेपणा दिसत नाही, आणि बाहेरून घरात तमाशाचा तंबू ठोकल्यासारखं वाटतं.

खोक्यावरच्या ‘1000 वॅट’ला भुलू नका. घरातलं बाकी सगळं बंद करून दिवा लावा आणि मीटर बघा. मी असा एक ‘हजार वॅट’वाला तपासला, शंभरच्या आसपास ओढत होता. रोपांच्या एका ट्रेला 20 वॅटची साधी पांढरी एलईडी ट्यूब शेंड्यांच्या जवळ बांधली तरी भागतं, हे कुठला दुकानदार सांगेल?

मनी प्लांट, स्नेक प्लांट यांना मिरचीचा उजेड देऊ नका. दोन हजार लक्सवर ती खुशीत असतात.

ट्रेच्या कडेची रोपं खुरटी राहत असतील तर आठवड्यातून दोनदा ट्रे फिरवा, बाजूला थर्मोकोलचा पांढरा तक्ता उभा करा. उजेड कमी केलात की पाणीही कमी करा. अंधाऱ्या कुंडीत रोजचा तांब्या म्हणजे मूळकूज.

आणि टायमर. काट्याचा स्वस्त टायमर करंट गेला की थांबतो, आला की तिथूनच पुढं चालतो. आमच्याकडं जुलैत करंट रोज थोडा थोडा जातो, त्यामुळं हा टायमर आठवड्यात तीन-चार तास मागं पडतो. एकदा मध्यरात्री पाणी प्यायला उठलो तर माळ्यावर लख्ख उजेड. चोर समजून काठी घेऊन वर गेलो. आत बॅटरी असलेला टायमर घ्या, नाहीतर दर रविवारी चकती फिरवून वेळ जुळवा.