कॅम्पसवर ठरवून लाइट बंद करताना: तारखेपासून शेवटच्या स्विचपर्यंत

‘रविवारी सकाळी ८ ते १२ वीजपुरवठा बंद राहील.’ अशी सूचना लागली की सगळ्यांचं लक्ष मधल्या चार तासांवर असतं. खरं नुकसान होतं ते दोन्ही टोकांना: लाइट जातानाच्या क्षणी आणि परत येतानाच्या पहिल्या अर्ध्या तासात. म्हणून आखणी उलटीकडून करा. आधी पुन्हा चालू करण्याचा क्रम लिहा, मग बंद करण्याचा.

दोन कामं वेगळी ओळखा. पहिलं म्हणजे जनरेटरची लोड टेस्ट, म्हणजे त्याच्यावर विजेचा भार (लोड) टाकून केलेली चाचणी. यात मेन ब्रेकर मुद्दाम पाडतात, एएमएफ पॅनेल (मेन गेल्यावर जनरेटर आपोआप सुरू करणारं) जनरेटरला स्टार्ट देतं आणि साधारण १० ते १५ सेकंदांनी लोड त्याच्यावर येतो. चाचणी संपून लोड मेनवर परत जाताना पुन्हा एक झटका बसतो. दुसरं काम पूर्ण बंदचं: ट्रान्सफॉर्मर, व्हीसीबी (उच्च दाबाचा व्हॅक्यूम ब्रेकर), रिले (बिघाड ओळखून ब्रेकर पाडणारं उपकरण), केबल यांची तपासणी. पहिल्या प्रकाराला ‘फक्त टेस्टिंग आहे’ म्हणून कुणी सूचनाच लावत नाही, आणि रात्रभर चाललेलं एखादं रीडिंग तिथेच वाया जातं. ते दोन झटके वेळेसकट कळवा.

तारीख

बडोद्यात तारीख कॅलेंडरपेक्षा हवेवर ठरते. पावसाळ्याआधीची मोठी तपासणी मे महिन्याच्या सुट्टीत घ्या. अर्थिंगचा (जमिनीशी जोडणीचा) रेझिस्टन्स कोरड्या हंगामात कोरड्या दिवशीच मोजायचा असतो, ओल्या जमिनीत रीडिंग खोटं चांगलं येतं. मे महिन्यात वर्ग बंद असले तरी संशोधनाच्या लॅब चालू असतात, हे मात्र विसरू नका. विश्वामित्री नदीचं पाणी ३१ जुलै २०१९ च्या पावसात आणि ऑगस्ट २०२४ मध्ये कुठवर चढलं ते शहराला ठाऊक आहे. तळमजल्यावरचे पॅनेल, केबलचे खंदक आणि पंपांचे स्टार्टर यांची यादी त्या उंचीला लावून पाहा. पाण्यात गेलेलं पॅनेल वाळलेलं दिसलं, तरी मेगर केल्याशिवाय (इन्सुलेशन मोजल्याशिवाय) चालू करू नका.

नवरात्राच्या नऊ रात्री टाळा. आवारात उघड्या ११ केव्ही (११ हजार व्होल्ट) तारा असतील तर १४ आणि १५ जानेवारीच्या पतंगांनंतर एक छोटा बंद ठेवाच. तारांवर लटकलेला मांजा दव पडलं की फ्लॅशओव्हरला (तारेवरून ठिणगी उडायला) निमित्त होतो, आणि धातूचा मुलामा असलेला दोरा तर कोरडाही धोक्याचा. तो बांबूने ओढायला कुणालाही पाठवू नका. लाइन बंद करून, जमिनीशी जोडून (अर्थ करून) मगच तो काढायचा.

मीटरिंगच्या पलीकडचं, म्हणजे वीज कंपनीच्या बाजूचं काही उघडायचं असेल तर एमजीव्हीसीएलच्या (शहराला वीज पुरवणाऱ्या कंपनीच्या) उपविभागाला लेखी कळवून त्यांच्याकडून बंद घ्यावा लागतो. त्यांचा फीडर (वीज वाहून आणणारी लाइन) मेंटेनन्स ज्या दिवशी आहे त्याच दिवशी आपलं काम बसवलं तर एका बंदात दोन्ही उरकतात. पण ‘वीज कंपनीचा बंद आहे’ एवढ्या भरवशावर बसबारला (पॅनेलमधल्या मुख्य वीजवाहक पट्ट्यांना) हात लावू नका. त्यांचं काम लवकर संपलं की पुरवठा लगेच येतो. आपला ब्रेकर उघडा, आपलं कुलूप, आपलं अर्थिंग, हे सगळं वेगळं हवंच.

दोन आठवडे आधी

प्रत्येक विभागात जाऊन एकच विचारा: लाइट गेली तर तुमचं काय वाया जातं? उत्तरं बहुतेक अशी येतात: उणे ८० अंशांचे फ्रीजर, इन्क्युबेटर, फर्नेस, फ्यूम हूड (रसायनांच्या वाफा ओढून घेणारं कपाट; पंखा बंद म्हणजे आत काम बंद), सर्व्हर, होस्टेलचे पाण्याचे पंप. सर्व्हर रूममध्ये एक जुनं दुखणं भेटतं. सर्व्हर यूपीएसवर असतात, एसी नसतो. मशिनं चालू राहतात आणि खोली तापत जाते. तिथे एसीला जनरेटरचा फीडर द्या, नाहीतर सर्व्हर वेळेआधी रीतसर बंद करा.

उणे ८० चा फ्रीजर किती वेळ तग धरेल हे तो किती भरलेला आहे यावर ठरतं. रिकामा लवकर तापतो. रिकाम्या कप्प्यांत थर्माकोलचे बंद डबे किंवा गोठवलेले आइस पॅक भरा, दाराला ‘उघडू नका’ची चिठ्ठी लावा आणि बंदच्या आधीचं तापमान लिहून ठेवा. शेजारच्या इमारतीतून एक्स्टेंशन बोर्ड ओढून फ्रीजर चालवायची कल्पना कुणीतरी काढतंच. तो पुरवठा दुसऱ्या ट्रान्सफॉर्मरचा असतो आणि काम चाललेल्या इमारतीत एक जिवंत वायर शिरते, ज्याची परमिटवर (कामाच्या लेखी परवान्यावर) नोंदच नसते. स्पष्ट नकार द्या.

डिझेलचा हिशोब साधा आहे. एक लिटरमागे साधारण ३.५ युनिट धरा. २५० केव्हीएचा सेट ७५ टक्के लोडवर म्हणजे (पॉवर फॅक्टर ०.८ धरून) सुमारे १५० किलोवॅट, तासाला जवळपास ४३ लिटर. चार तासांचे १७२ होतात, टाकीत २५० ठेवा. स्टार्टिंग बॅटरी आदल्या दिवशीच तपासा. जनरेटर ऐनवेळी सुरू झाला नाही, तर बहुतेक वेळा दोष इंजिनाचा नसून बॅटरीचा किंवा तिच्या सैल टर्मिनलचा असतो. लोड टेस्टही खरोखरच्या लोडवर घ्या. ३० टक्क्यांच्या खाली तासन्‌तास चालवलेल्या इंजिनात न जळलेलं डिझेल साचतं आणि सायलेन्सरमधून काळं तेल गळायला लागतं.

थर्मोग्राफी (उष्णता दाखवणाऱ्या कॅमेऱ्याने तपासणी) बंदच्या आधी, भर दुपारी, सगळे एसी चालू असताना करा आणि तापलेल्या जॉइंटवर खूण नोंदवून ठेवा. बंदच्या दिवशी सगळंच थंड असतं. मग कुठला बोल्ट सैल आहे हे कळत नाही आणि वायरमन पाना घेऊन दिसेल तो बोल्ट आवळत सुटतो. जास्त आवळलेला ॲल्युमिनियम जॉइंटही पुढे सैलच होतो. पॅनेलच्या मॅन्युअलमधला टॉर्क (आवळण्याचा नेमका जोर) वापरा.

सूचना गुजराती आणि इंग्रजी, दोन्हीत हवी. होस्टेलच्या मेसमधल्या महाराजांना (आचाऱ्यांना) वेगळं तोंडी सांगा, कारण कणकेचं मशीन आणि पाणी त्यांना सकाळी ६ पासून लागतं. मजकूर असा:

‘रविवारी स. ७.५५ वाजता पुरवठा जाईल. ८.०० ते १२.०० पूर्ण बंद. १२.०० ते १.०० दरम्यान पुरवठा टप्प्याटप्प्याने येईल आणि मध्येच पुन्हा जाऊ शकेल. १.०० पर्यंत नाजूक उपकरणं प्लगमधून काढलेली ठेवावीत. लिफ्ट ७.४५ पासून बंद.’

बंद करताना

लिफ्ट तळमजल्यावर आणून दार उघडं ठेवा, आत कुणी नाही हे डोळ्यांनी पाहा. मग खालून वर जा: एसी आणि पंप, एकेक फीडर, एलटीचा (कमी दाबाचा) मुख्य एसीबी (एअर ब्रेकर), शेवटी एचटीचा (उच्च दाबाचा) व्हीसीबी. व्हीसीबीची ट्रॉली बाहेर काढा. जीओ स्विच (तिन्ही तारा एकदम तोडणारा खांबावरचा स्विच) किंवा डीओ फ्यूज (खाली लोंबणारा खांबावरचा फ्यूज) लोडवर कधीही उघडू नका, त्यांच्यात आर्क विझवायची सोय नसते.

आता उलटा पुरवठा कुठून येऊ शकतो ते शोधा. जनरेटर, इन्व्हर्टर, यूपीएसचा बायपास, छतावरचं सोलर. ग्रिड गेल्यावर सोलर आपोआप थांबतं हे खरं, पण जनरेटरने बसबार जिवंत केला की त्यालाच ग्रिड समजून सोलर जोडलं जाऊ शकतं. लोड कमी असला तर वीज जनरेटरमध्ये उलटी शिरून तो रिव्हर्स पॉवरवर (उलट्या विजेच्या संरक्षणामुळे) ट्रिप होतो. सोलरचा एसीबी आधीच उघडून कुलूपबंद करा. कुलपाची किल्ली काम करणाऱ्याच्याच खिशात राहू द्या.

व्होल्टेज डिटेक्टर आधी जिवंत जागी तपासा, मग बंद भागावर लावा, मग पुन्हा जिवंत जागी. डिस्चार्ज रॉडचं (उरलेला चार्ज जमिनीत सोडणाऱ्या दांडीचं) अर्थचं टोक पहिलं जोडायचं, मग फेज. काढताना याच्या उलट. एपीएफसी पॅनेलला (पॉवर फॅक्टर सुधारणाऱ्या कपॅसिटरच्या पॅनेलला) किमान ५ मिनिटं द्या आणि कपॅसिटर शॉर्ट करूनच हात घाला. परमिट लेखी असावं, आत गेलेल्या माणसांची नावं त्यावर हवीत. ज्याने घेतलं त्यानेच ते परत करायचं.

चाचणी

एलटी वायरिंगला ५०० व्होल्टचा मेगर, एक मिनिट, किमान १ मेगओहम. त्याआधी सर्ज अरेस्टर आणि इलेक्ट्रॉनिक्स सोडवा, नाहीतर रीडिंग शून्याजवळ येतं आणि चांगली केबल उगाच उकरली जाते. एचटीला २.५ केव्ही, किमान ५ मेगओहम. ही कायद्याची तळरेषा झाली. निरोगी ट्रान्सफॉर्मर शेकडो मेगओहम दाखवतो, म्हणून मागच्या वर्षीच्या आकड्याशी तुलना करा आणि तेलाचं तापमान शेजारी लिहा. मेच्या ४२ अंशांत आकडा हिवाळ्यापेक्षा कमी येणारच. केबल मेगर केल्यावर चाचणीला लागला त्याच्या चौपट वेळ अर्थ करून ठेवा.

ट्रान्सफॉर्मर तेलाचा नमुना खालच्या व्हॉल्व्हमधून घ्या, पहिलं थोडं तेल सोडून, कोरड्या बाटलीत. बीडीव्ही (तेल किती व्होल्टला फुटतं तो आकडा) २.५ मिमी गॅपवर ३० केव्हीच्या खाली आला तर फिल्टरेशन लावा. ट्रान्सफॉर्मरच्या ब्रीदरमधलं (हवेतला ओलावा शोषणारं) सिलिका जेल निळ्याचं गुलाबी झालं असेल तर ते बदला.

परत आणताना

हत्यारं मोजा, माणसं मोजा, लावलेलं प्रत्येक अर्थिंग काढलं का पाहा. ट्रान्सफॉर्मर आधी बिनलोडचा १० मिनिटं चालू ठेवून आवाज ऐका. मग एलटी बाजूला मोजा. तिन्ही फेज न्यूट्रलशी साधारण २४० ते २५० व्होल्ट हव्यात. इथे आकडे सारखे आले म्हणून निर्धास्त होऊ नका. न्यूट्रल लिंक सैल राहिली असेल तर ती बिनलोड कळत नाही. पहिल्या फीडरवर थोडे दिवे लावून पुन्हा मोजा. एका फेजवर १८०, दुसरीवर २९० असं दिसलं तर तत्काळ बंद करा. त्या २९० वर एका मजल्याचे सगळे संगणक जळू शकतात. तपासणीच्या दिवशी उपकरणं जळण्याचं हे एक नेहमीचं कारण, आणि पाच मिनिटांत टळणारं.

केबल सोडवून जोडली असेल तर फेज सीक्वेन्स मीटर (तिन्ही फेजचा क्रम दाखवणारं) लावा. क्रम चुकला की पंप उलटा फिरतो, मोटर चालल्यासारखी वाटते आणि टाकीत पाणी येत नाही. कुठल्याही दोन फेज अदलाबदल केल्या की झालं.

फीडर एकेक, मध्ये २-३ मिनिटं सोडून. फ्रीजरच्या लॅब आधी, एसी सगळ्यात शेवटी. फ्रीजरचे कॉम्प्रेसर स्टॅबिलायझरच्या डिलेमुळे लगेच सुरू होत नाहीत, म्हणून ते बिघडले असं ठरवून बटणं दाबत बसू नका. तासाभराने तापमान उतरू लागलं का ते मात्र जाऊन पाहा.

सोलरचा ब्रेकर चालू करा, इन्व्हर्टर काही मिनिटांनी स्वतःहून जोडला जाईल. पंप आणि रस्त्यावरच्या दिव्यांचे टायमर मागे पडलेले असतात, ते लावा. टाकीत डिझेल भरा, बॅटरी चार्जर चालू करा आणि एएमएफचा स्विच ‘मॅन्युअल’वरून ‘ऑटो’वर परत न्या. टेस्टिंगसाठी फिरवलेला हा स्विच तसाच राहतो, आणि पुढच्या वेळी लाइट खरोखर गेली की चांगला तपासलेला जनरेटर गप्प बसतो. कुलूप लावण्याआधी दुसऱ्या माणसाला तो बघायला लावा आणि त्याची सही नोंदवहीत घ्या.