खाडीतील कांदळवन कसे पाहावे

वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत कांदळवन (खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या झाडांचे जंगल) पाहायचे असल्यास आधी तिथी पाहावी. तिचा आकडा पाऊणपट केला की भरतीची अंदाजे वेळ मिळते (चतुर्थीला सुमारे तीन), आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी येते. पाणी उतरत असतानाच होडीने निघावे, कारण झाडांची ओळख मुळांवरून सर्वांत सोपी जाते: कमानदार आधारमुळांचे ते कांदळ, चिखलातून पेन्सिलीसारखी बारीक श्वासमुळे वर काढणारे ते तिवर, तर जाड, निमुळत्या श्वासमुळांची ती पांढरी चिप्पी, जिला २०२० मध्ये राज्य कांदळवृक्षाचा मान मिळाला. तिवराचे पान चाटून पाहावे. ते खारट लागते. उघड्या चिखलावर निवट्या (चिखलावर सरपटणारे छोटे मासे) आणि एकच नांगी मोठी असलेले खेकडे दिसतात, मात्र होडी स्थिर ठेवावी. श्वासमुळे तुडवू नयेत.